मदत हवी आहे : वढवाणा तळ्याकाठी दिवसभराची भटकंती, सोबत सासरे आणि एक दहा वर्षांचं वादळ

रावपुरेकरीण

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत नाशिकहून नणंद येतेय. दरवेळी पाहुण्यांना इथे वडोदऱ्यात लक्ष्मी विलास पॅलेस आणि सयाजीबाग दाखवून आता आमचाच जीव कंटाळलाय. तिला चालायची हौस आहे, म्हणून यंदा एखाद्या तळ्याच्या काठाकाठाने दिवसभर चालायचं ठरतंय. आम्ही पाचजण : मी, हे, नणंद, आमचे नाना (वय ७१, एक गुडघा कुरकुरतो पण कबूल करत नाहीत) आणि चिरंजीव.

घरात दोन तट पडलेत. ह्यांचं म्हणणं आजवा सरोवर, कारण जवळ. माझं म्हणणं डभोईजवळचं वढवाणा तळं, कारण पक्षी. अडचणी अशा :

वढवाण्याच्या तळ्याला पूर्ण फेरी मारता येते का? नकाशात गोल दिसतंय म्हणून विचारते. पहाटे किती वाजता पोचलं तर हंस दिसतात? चारला उठवलं तर घरात बंड होईल. शिवाय नानांना गाडीत कोंबून न्यावं लागू नये म्हणून ट्रेनने जमेल का? आणि खाण्याचं काय? शेवउसळ डब्यात न्यावी म्हणते.

डभोईचा जावई

ताई, शेवउसळ नेऊ नका. तर्री सांडेल आणि शेव लगदा होईल. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी न्या.

आता मुद्द्याचं. फेरीचा विचार सोडा. वढवाणा हे मुळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं तळं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमारास झालेलं, आणि त्यात ओरसंग नदीचं पाणी कालव्याने आणून सोडतात. रब्बीला पाणी सुटायला लागलं की पातळी उतरते आणि काठ आत आत सरकतो. म्हणजे डिसेंबरात जिथे पाणी असतं तिथे मार्चमध्ये चिखल. अशा तळ्याला कायमची काठवाट कुठून असणार? बंधाऱ्याच्या समोरच्या अंगाला शेतं आणि दलदल, तिकडे घुसलात की बूट जातील आणि पाखरंही उठतील.

चालायचं ते मातीच्या बंधाऱ्यावरून. सपाट आहे, नानांना झेपेल. जितकं जाल तितकंच परत यायचंय हे मात्र त्यांना आधी सांगा, कारण कुरकुर परतीत सुरू होते. सलग सावली नाही, टोप्या हव्यातच. मध्ये निरीक्षणासाठी मनोरे आहेत, तिथे टेकता येतं. वन विभागाच्या फाटकावर पैसे सुट्टे ठेवा. स्वच्छतागृहाचं काम डभोईतच उरकलेलं बरं.

सुरसागरकाठचा

हंसांबद्दल मी सांगतो, कारण इथे सगळेच उगाच पहाटेची धास्ती घालतात. पट्टकदंब (तुम्ही म्हणता ते हंस) रात्री आणि अगदी सकाळी शेतांत चरतात, ऊन चढलं की पाण्यावर परत येतात. म्हणजे नऊ-साडेनऊला बंधाऱ्यावर असलात तरी चालेल, उलट थवे उतरताना दिसायची शक्यता जास्त. थंडीत तळ्यावर धुकं असतं, सातला जाऊन बरेचदा पांढरा पडदाच बघावा लागतो. ओळख सोपी आहे : पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. दुर्बीण नसेल तर सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळे ठिपके.

चिरंजीवांना वारकरी दाखवा. काळं शरीर, पांढरी चोच. उडायच्या आधी पाण्यावरून फटफट फटफट धावत सुटतात, पोरं हसून लोळतात. हळदी-कुंकू बदक, थापट्या, तलवार बदक हेही आहेतच. २०२१ साली हे तळं रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं ते याच हिवाळी पाहुण्यांमुळे.

आजव्याबद्दल ह्यांना सांगा : सरोवर सुंदर आहे, सयाजीरावांनीच शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं, पण तिथे मगरी आहेत. दहा वर्षांचं वादळ घेऊन पाण्याच्या कडेने चालायची ती जागा नव्हे. बागेत बसून या हवं तर.

रावपुरेकरीण

मगरी म्हटल्यावर ह्यांनी शस्त्रं खाली ठेवली. खूप आभार दोघांचे! ट्रेनचं राहिलं. आणि नणंद म्हणतेय, नाताळऐवजी १४ जानेवारीच्या आसपासच येऊ का, पतंगही होतील.

डभोईचा जावई

वडोदऱ्याच्या प्रतापनगर स्टेशनहून एकतानगरकडे (केवडिया) जाणारी मेमू लोकल डभोईला थांबते. वेळ त्या आठवड्यात बघून घ्या. डभोई स्टेशनवरून पुढे रिक्षा जाण्यायेण्याची ठरवूनच घ्या, तळ्यावर उभं राहून परतीची वाट बघण्यात अर्थ नाही. चिरंजीवांना सांगा की १८६२ साली याच डभोईहून मियागामपर्यंत छोट्या रुळांवर बैल गाडी ओढत होते. गायकवाडांची रेल्वे होती ती. वेळ उरला तर हिरा भागोळ ही डभोईची जुनी वेस बघा, स्टेशनपासून लांब नाही. दगडावरचं कोरीवकाम नाना तासभर बघत बसतील, गुडघ्याला तेवढीच विश्रांती.

उत्तरायणाचे (संक्रांतीचे) दोन दिवस मात्र नको. कुणी दुचाकीवरून निघालंच तर मांज्याने गळा कापायची भीती, आणि पाखरंही त्यात अडकतात. त्या दिवशी गच्चीवर उंधियू खा. नाताळचाच बेत ठेवा, फक्त रविवार सोडून. रविवारी बंधाऱ्यावर स्पीकर लावणारी मंडळीही येतात.

रावपुरेकरीण

मंगळवार ठरला. दशम्यांचं पीठ उद्याच दळून आणते. कुणाकडे एका दिवसापुरती जादाची दुर्बीण आहे का? रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात असेल तर मी येऊन घेऊन जाईन. एकाच दुर्बिणीवर नाना आणि नातू दोघं, हे काही जमायचं नाही.