विषय: पासपोर्ट एकाच पिशवीत नकोत (आणि भरीत पार्टीला बिअरचं काय?)

उज्ज्वला:
प्रकाशभाऊ, आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या डिसेंबरच्या जळगाव सहलीची यादी मिळाली. वांगी, कळण्याचं पीठ, मुक्काम, सगळं ठीक. पण शेवटची ओळ पटली नाही. मुंबईत उतरल्यावर सगळ्यांनी पासपोर्ट तुमच्याकडे जमा करायचे, ते का? एका तिकिटावर सहाच जणांचं आरक्षण होतं, म्हणून आपले पीएनआर दोन आणि डबेही वेगळे. टीसी आमच्या डब्यात आणि पिशवी तुमच्या गळ्यात, मग? प्रत्येक पीएनआरमागे एकाकडे तरी मूळ ओळखपत्र लागतं, नाहीतर ई-तिकीट असूनही विनातिकीट धरतात.

दुसरं, आमची दोघं मुलं २२ वर्षांची आहेत. शेतावर त्यांना बिअर चालणार का? आत्ताच सांगा, चुलीपाशी वाद नको.

प्रकाश:
उज्ज्वलाताई, मागच्या सहलीत नाशिकला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. कागदपत्रं खजिनदाराकडे, म्हणजे माझ्याकडे, राहतील हे तेव्हाच ठरलं. पासपोर्ट हरवला की आधी पोलिसांत तक्रार, मग मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नवा पासपोर्ट, शिवाय देश सोडायची परवानगी वेगळी. ते करत कोण बसणार? शेवटी मीच. टीसीसाठी तुमच्या डब्यात एक पासपोर्ट ठेवू, झालं.

बिअर चालेल. इथे २१ ला चालते, तर तिथे का नाही?

हेमंत:
चालेल, पण प्रकाशभाऊ म्हणतात त्या कारणाने नाही. अमेरिकेचं २१ हे इथल्या १९८४ च्या कायद्याचं, त्याला जळगावात कोण विचारतो? महाराष्ट्रात अजून १९४९ चाच दारूबंदी कायदा लागू आहे. बिअर-वाईनला २१, व्हिस्की-रमला २५. माझा भाचा २४ चा, इथे हक्काने व्हिस्की मागवतो, तिथे मागता येणार नाही. त्यात पिण्याचा परवाना आला. एक दिवसाचा ५ रुपयांत दुकानातच फाडून देतात, देशीचा २ रुपयांत, आयुष्यभराचा १,००० रुपयांत. बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही हे खरं, पण विचारलं तर तोंड बघत बसावं लागतं. आणि शेतावर माणसं जमवून दारू ठेवणार असाल, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा त्या दिवसापुरता परवाना काढायला हवा. ‘घरचंच तर आहे’ हे पोलिसाला सांगून पाहा.

वसंतकाका:
काय भो, भरीतमां बिअर कशी काय उनी? पोरांनो, भरीत पार्टी म्हणजे कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर बामणोदची वांगी काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, साल हातानेच सोलायचं आणि हिरवी मिरची-लसूण घालून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायचं. वरून कांद्याची पात आणि तेलात परतलेले शेंगदाणे. पोट फुटेस्तोवर खाल्ल्यावर प्यायला जागा उरते कुणाला? जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुम्ही बाटलीच्या वयावर भांडताय. मंडळाच्या पैशाने दारू येणार असेल तर माझा विरोध नोंदवून घ्या.

सुनीता (सचिव):
काका, मंडळाच्या पैशाने कधीच येत नाही. ज्याची त्याने आणायची.

रोहन:
काका, मी भरीतसाठीच येतोय, नक्की! पण पासपोर्ट माझ्याजवळच पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या साखरपुड्यानंतर आम्ही परमिट रूममध्ये गेलो. माझ्या लायसन्सवर ०३/१२/२००४ आहे, म्हणजे अमेरिकी पद्धतीने १२ मार्च. मॅनेजरने ३ डिसेंबर वाचलं आणि म्हणाला, तू अजून २० चा. त्यात लायसन्स २१ व्हायच्या आधी काढलेलं, म्हणून आमच्या राज्यात ते उभं असतं. असं उभं कार्ड त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याला वाटलं मी घरी छापलं. पासपोर्टवर महिना अक्षरात असतो. तो दाखवला असता तर अर्धा तास लिंबू सोडा पीत बसलो नसतो.

प्रकाश:
मग मी सगळ्यांना पासपोर्टची रंगीत झेरॉक्स देतो. लॅमिनेट करून.

उज्ज्वला:
झेरॉक्स दाखवून विमानतळाच्या दारात सुरक्षा जवान आत सोडतो का, विचारा कुणाला. परतीचं जळगावहून विमान आहे, आठवतंय ना? आधार आपल्यापैकी बहुतेकांकडे नाही, त्यामुळे डिजिलॉकरही नाही. इथल्या रिअल आयडीला (अमेरिकेतल्या सरकारी ओळखपत्राला) तिथे काही किंमत नाही.

आणि हॉटेलचं तर मी बोलतच नव्हते, आता बोलते. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड) असलं तरी पासपोर्ट परदेशी, म्हणून हॉटेलला २४ तासांत परदेशी पाहुण्याची ऑनलाइन माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) द्यावी लागते. मागच्या वेळी धुळ्यात आमची गाडी आधी पोचली, पिशवी मागच्या गाडीत, आणि ती गाडी वाटेत शेवभाजी खात थांबलेली. आम्ही बायका-पोरं लॉबीत सोफ्यावर ताटकळलो. किल्ली हॉटेलवाल्याने नाही, पिशवीने अडवली होती. नाशिकचं सगळ्यांना आठवतं, धुळ्याचं कुणालाच नाही.

वसंतकाका:
शेवभाजी कुठली होती पण?

हेमंत:
सुरतच्या रिसेप्शनला जाणाऱ्यांसाठी वेगळं. ड्यूटी फ्रीतून माणशी दोन लिटर भारतात आणता येतं, पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे. पावती असली तरी परवान्याशिवाय बाटली नेली तर गुन्हा, मग वय २५ असो की ७५. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्यामुळे ‘अजून हद्द आली नव्हती’ असला हिशेब गाडीत मांडू नका. बाटल्या नंदुरबारला माझ्या भावाकडे ठेवून पुढे जा. परत मिळतील का, ते भावावर अवलंबून.

सुनीता (सचिव):
पुरे. पासपोर्ट आणि ओसीआय ज्याचं त्याच्याजवळ, अंगावर, मोठ्या बॅगेत नाही. प्रकाशभाऊंकडे सगळ्यांच्या झेरॉक्स राहतील, हरवल्यावर त्याच कामाला येतात. शेतावर बिअर २१ पूर्ण झालेल्यांनाच, परवान्याचं हेमंतभाऊ बघतील. व्हिस्की शेतावर नकोच, कोण २५ चा आणि कोण नाही ते तपासत मी बसणार नाही.

प्रकाश:
ठीक आहे. झेरॉक्स शुक्रवारपर्यंत पाठवा, फोनवरचा तिरका फोटो चालणार नाही. आणि नाशिकवाल्यांनी त्यांची मला आधी पाठवावी.