शोदोसाठी ब्रश कुठून घ्यावा? कुमानो की नारा?

शाईबाई:
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या कामानिमित्त ऑक्टोबरात ओसाका आणि हिरोशिमाला जाणं होतंय. पुण्यात शोदोचा, म्हणजे जपानी सुलेखनाचा क्लास लावलाय (आडवी रेघ अजून सरळ येत नाही, ते सोडा). तिथून एक चांगला फुदे, म्हणजे ब्रश, आणायचाय, जमलं तर तो बनतानाही बघायचाय. नारा की कुमानो? शेळीचे केस की घोड्याचे? किमती बघून डोळे फिरलेत.

भटके_काका:
हिरोशिमाला जाताच आहात तर कुमानो. फक्त बुकिंग करताना सांभाळा, यात्रेकरूंच्या पायवाटांचं कुमानो वाकायामाकडे, हे हिरोशिमा प्रांतातलं. रेल्वे स्टेशन नाही, बसने जावं लागतं. 'फुदे-नो-सातो कोबो' या संग्रहालयात कारागीर काम करताना दिसतात. सुट्टीचा वार तेवढा आधी बघून घ्या.
गंमत बघा, या गावात केसही पिकत नाहीत आणि बांबूही नाही! शेती तुटपुंजी, म्हणून लोक नाराच्या बाजूला मजुरीला जायचे आणि परतताना तिथले ब्रश, शाई विकत यायचे. 19व्या शतकात ते बनवायलाच शिकले. आज जपानमधले सुमारे 80 टक्के ब्रश तिथले.

नागोयाकर:
काकांशी सहमत, पण नाराला मोडीत काढू नका. तिथली परंपरा कितीतरी जुनी. चीनहून ही विद्या शिकून आलेल्या कुकाई या भिक्षूने 812 साली सम्राट सागाला तानुकीच्या (कोल्ह्यासारखा एक जपानी प्राणी) केसांचे ब्रश अर्पण केले होते.
आता केसांचं. शेळीचे मऊ, शाई भरपूर पितात, पण दाबल्यावर उसळी घेत नाहीत. हात बसलेल्याने वापरावेत. घोड्याचे ताठ. तुम्ही दोन्हींचं मिश्रण असलेला घ्या. हान्शी, म्हणजे सरावाच्या ठरावीक मापाच्या कागदावर चार-सहा अक्षरं काढायची तर 3 किंवा 4 नंबर पुरे. महागडा शुद्ध शेळीचा आत्ता मुळीच नको, दुकानदाराने कितीही कौतुक केलं तरी.
बघायला गेलात तर सुरुवातीच्या पायऱ्यांपाशी रेंगाळा. केसांवर भाताच्या तुसाची राख भुरभुरतात, वरून गरम इस्त्री, मग हरणाच्या कातड्यात गुंडाळून चोळतात. तेल निघाल्याशिवाय केस शाई धरत नाहीत. त्यानंतर टोक मोडलेले आणि उलटे केस छोट्या सुरीने चाचपून बाजूला. टोक कात्रीने कधीच सारखं करत नाहीत, लांबी जुळवायची ती बुडाकडून. वेगवेगळ्या लांबीचे केस समुद्री शेवाळाच्या खळीत पुन्हापुन्हा मिसळतात, त्यातून ब्रशचं पोट तयार होतं. बाहेरून चांगल्या केसांचा पातळ थर, बुडाला दोरा, आणि तापल्या लोखंडाने चटका. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण किंमत त्याचीच आहे.

बोरूबहाद्दर:
घुसखोरी माफ. याने देवनागरी जमेल का?

नागोयाकर:
जमेल, पण बोरूचं वळण विसरा. बोरूत जाड-बारीक येतं ते तिरक्या कापाने, इथे सगळा खेळ दाबाचा. 'क'चा गोल काढून बघा, मजा येते.

शाईबाई:
आभार! सासूबाई विचारतात, प्राणी मारून केस काढतात का?

भटके_काका:
मुंगसासारख्या इताचीच्या शेपटीचे केस असतात, ते जिवंतपणी कोण देणार! खटकत असेल तर नायलॉनचे मिळतात, स्वस्तही. शाई कमी धरतात, सरावाला चालतात.

नागोयाकर:
आणि आणल्यावर: नवा ब्रश खळीने कडक असतो, मोठा असेल तर कोमट पाण्यात बुडापर्यंत सोडवा, बारीक असेल तर फक्त टोक. लिहून झाल्यावर लगेच धुवा, साबण नको. बाटलीतली शाई बुडाशी सुकली की केस फाकतात. टोक खाली करून टांगा. ओल्या ब्रशला टोपण लावू नका, पुण्याच्या पावसाळ्यात तर नक्कीच बुरशी येईल.

शाईबाई:
मिश्र केसांचा, 4 नंबर, कुमानोहून. ठरलं. हिरोशिमाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल ना?

भटके_काका:
आरामात. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.