पहिल्या तीन महिन्यांत बाळाला खरोखर काय लागतं? (सल्ला हवा आहे)

कुंदकळी:
नमस्कार. मला ३३वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. सामानाची तयारी करायला घेतली आणि पार गोंधळून गेले. कुठूनशी एक यादी हाती लागली, ती मोजली तर ६४ वस्तू! आमचं घर दोन खोल्यांचं आहे. कॉट, बाबागाडी, झोपाळा, कपडे बदलायचं टेबल, टब... हे सगळं ठेवायचं कुठे हाच पहिला प्रश्न.
नणंदेकडून काही गोष्टी मिळणार आहेत: तिच्या मुलाचे कपडे, लाकडी कॉट आणि गाडीत लावायची कार सीट. तिचा मुलगा आता सात वर्षांचा आहे. हे वापरावं का?
मला मुख्य जाणून घ्यायचंय ते हे, की पहिल्या तीन महिन्यांत रोज कशाला हात गेला आणि काय नुसतं पडून राहिलं. ब्रँड नाही सांगितलेत तरी चालेल, अनुभव सांगा.

दोघींचा_बाबा:
अभिनंदन! आमच्या जुळ्या मुली आता दीड वर्षाच्या आहेत, तेव्हा प्रत्येक वस्तूची दुप्पट परीक्षा झाली आहे.
यादी बाजूला ठेवा आणि बाळाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. नवं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, जवळपास तितक्याच वेळा त्याचं लंगोट बदलावं लागतं आणि उरलेला बहुतेक वेळ ते झोपतं. पाजणं, पुसणं, झोपवणं. या तीन कामांना जे लागतं ते आत्ता घ्या. बाकीचं बाळ आल्यावर, गरज दिसेल तसं.
आमच्याकडे सर्वात जास्त वापरले गेले ते मलमलचे चौकोनी तुकडे. ढेकर काढताना खांद्यावर, पाजताना हनुवटीखाली, बदलताना अंगाखाली, मानेच्या वळीत साचलेलं दूध टिपायला. दहा-बारा तरी हवेतच. आणि सगळे कपाटात रचून ठेवू नका. जिथे जिथे बसून पाजणार तिथे दोन-दोन ठेवा. बाळ दूध ओकतं तेव्हा कपाटापर्यंत जायला वेळ नसतो.
कपड्यांबद्दल मी फार आग्रहाने सांगेन: पुढून उघडणारेच घ्या. बाळाची मान सावरलेली नसते, डोक्यावरून कपडा घालताना आपलेच हात कापतात. आणि टिचबटणं जितकी कमी तितकं बरं. आमच्या एका पायजमा-झबल्याला अकरा होती. रात्री तीन वाजता मंद उजेडात लावत लावत वर यायचं आणि गळ्याशी कळायचं की एक बटण उरलंय. मग पुन्हा सगळी उघडा, तोवर मूल रडून लाल झालेलं. गाठ मारायची साधी झबली त्यापेक्षा कितीतरी चांगली.

जुनीजाणती:
कुंदकळी, तुला आणि बाळाला आशीर्वाद. माझी तीन नातवंडं झाली, तिघांच्याही वेळी मी मदतीला होते, म्हणून लिहिते.
अगदी लहान मापाचे कपडे सहा-सातच घे. जन्मतः बाळ साधारण ५० सेंटीमीटर असतं आणि वर्षभरात आणखी २५ सेंटीमीटर वाढतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून निघतं, आणि पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट होतं. कपाटातला कपडा घालायचा राहून जातो आणि काढावा तर तोकडा झालेला असतो. "काय आणू?" असं जे विचारतील त्यांना सरळ सहा ते नऊ महिन्यांचं माप सांग. त्यात संकोच करू नकोस.
डायपरचंही तेच. सर्वात लहान मापाचं एकच पाकीट आण. कापडी लंगोटांवरच राहायचं असेल तर निदान दोन डझन हवेत, नाहीतर वाळेपर्यंत पंचाईत होते. आमच्याकडे दिवसा कापडी आणि रात्री डायपर असं चालायचं. मांडीला लालसरपणा दिसला की झिंक ऑक्साइडचं मलम, आणि काही वेळ उघडं ठेवणं. पावडर मात्र नको. ती हवेत उडते आणि बाळाच्या श्वासात जाते.

सायंतारा:
मी नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मी नणंदेकडच्या सामानाबद्दल सांगते, कारण तिथे काळजी घ्यायला हवी.
कपडे जरूर घे. बाळाला वापरलेले, धुऊन मऊ झालेले कपडेच बरे. पण आधी वास घेऊन बघ. ते डांबरगोळ्या घालून ठेवले असतील, तर निदान नवजात बाळाला घालूच नकोस. डांबरगोळ्यांमधलं नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातं. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं आणि ते वरून दिसत नाही. अशा बाळाच्या लाल रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाऊ शकते. दुपटी, गोधड्या, पांघरुणं, सगळ्यांना हेच लागू.
कॉट: दांड्यांमधलं अंतर मोज. साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी घट्ट आणि सपाट हवी, कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू नये. एक बाजू खाली सरकणारी असेल तर घेऊ नकोस. अशा कॉटच्या विक्रीवर अमेरिकेत २०११ पासून बंदी आहे, कारण बाजू निखळून त्या फटीत बाळं अडकली होती.
कार सीट: दोन गोष्टी तपास. गाडीला अपघात झाला होता का, आणि सीटच्या तळाशी छापलेली मुदत. बहुतेक सीटांची मुदत ६ ते १० वर्षं असते, त्यामुळे सात वर्षांच्या सीटचा तो आकडा बघितल्याशिवाय ठरवू नकोस. नवजात बाळाची सीट मागे तोंड करूनच लावायची, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच नाही. या एका वस्तूसाठी पदरचे पैसे मोडून नवीन घ्यावी लागली तरी घे.
झोपेची जागा: बाळ उताणं, घट्ट सपाट गादीवर, आणि आसपास काहीही नाही. उशी नाही, मऊ खेळणं नाही, कडेला लावायच्या गाद्या नाहीत, सैल पांघरूण नाही. या कडेच्या गाद्या आणि बाळाला तिरकं झोपवायचे उतरते बिछाने विकायला अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. पहिले सहा महिने तरी बाळ तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या जागी झोपावं. म्हणजे दोन खोल्यांच्या घराची तू अजिबात काळजी करू नकोस.

टिपकागद:
सायंतारा, डांबरगोळ्यांचं माहीत नव्हतं. आजच ट्रंक उघडते.
माझ्याकडून एकच, पण मनापासून. मोजे आणि हातमोजे घालण्याआधी उलटे करून आतले सुटे दोरे कापा. माझा मुलगा दोन महिन्यांचा असताना एका संध्याकाळी रडायचा थांबेना. दूध झालं, ढेकर झाली, लंगोट कोरडं. शेवटी सगळे कपडे काढले तर डाव्या पायाचं तिसरं बोट टपोरं लाल झालेलं, आणि मुळाशी माझाच एक केस करकचून गुंडाळलेला. इतका बारीक, की बॅटरी लावल्यावर दिसला. डॉक्टरांनी काढला, बोट वाचलं. बाळंतपणानंतर आपले केस गळतात, ते कपड्यांत जातात. तेव्हापासून रोज रात्री दहा बोटं हातांची, दहा पायांची पाहिल्याशिवाय मी निजले नाही. हातमोजे तर बंदच केले. नखांसाठी लहान कानस घ्या, बाळ झोपलेलं असताना घासा.

वाटसरू२:
झोपाळा कोणीच सुचवत नाहीये, पण आमच्या मुलाला स्वयंचलित झोपाळ्यानेच शांत केलं. तो पहिले दोन महिने मांडीवरून खाली राहतच नव्हता. माझं मत, मागून आणा, पण आणा.

सायंतारा:
@वाटसरू२, शांत करायला वापरलात यात काही गैर नाही. डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवायचं, एवढंच. तिरक्या बैठकीत बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कार सीटमध्ये झोपलेल्या बाळालाही घरी आल्यावर तसंच ठेवू नये.

कुंदकळी:
सगळ्यांचे किती आभार मानू! नणंदेला फोन केला. सीटची मुदत मागच्या वर्षीच संपली आहे. कॉटची बाजू मात्र पक्की आहे आणि अंतर ५.५ सेंटीमीटर निघालं. कपड्यांत डांबरगोळ्या नव्हत्या.
आता अजून काही प्रश्न. ब्रेस्ट पंप आणि बाटल्या आधीच आणून ठेवू का? टब लागतो का? आणि एक अवघड गोष्ट: सासूबाईंनी महिनाभर बसून बाळासाठी हाताने मऊ गादी आणि छोटी उशी शिवली आहे. डोळे दुखेपर्यंत टाके घातलेत. त्यांना "यावर झोपवायचं नाही" हे कसं सांगू?

दोघींचा_बाबा:
पंप आधी नको. पाजणं कसं बसतं, पंप लागतो की नाही, कधी लागतो, हे नंतरच कळतं, आणि बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो. बाटल्या लागल्याच तर नव्या घ्या. जुन्या प्लॅस्टिकच्या आत चरे पडलेले असतात आणि ते नीट स्वच्छ होत नाहीत. टब नसला तरी अडत नाही. नाळ पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, ओल्या कापडाने पुसणंच पुरेसं असतं. नंतर पाणी ३७-३८ अंशांच्या आसपास, कोपर बुडवून बघायचं. कपडे बदलायचं टेबल अजिबात नको, जमिनीवर चटई आणि वर मेणकापड. जमिनीवरून मूल पडत नाही.

सायंतारा:
डिजिटल थर्मामीटर मात्र पहिल्या दिवसापासून घरात हवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांकडे. हात लावून अंदाज घेण्यात वेळ जातो. पाऱ्याचा जुना थर्मामीटर वापरू नका. आणि दूध पुरतंय का याचं मोजमाप विकत घ्यावं लागत नाही: पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा लंगोटं चांगली ओली व्हायला हवीत.

जुनीजाणती:
कुंदकळी, सासूबाईंचा प्रश्न माझ्या वयाच्या बाईने सोडवायचा आहे, मला बोलू दे.
आमच्या वेळी बाळ पालथं किंवा कुशीवर झोपवायला सांगायचे, दोन्ही बाजूंना लोड लावायचे. आम्ही ते मायेनेच केलं. १९९० नंतर डॉक्टरांचा सल्ला बदलला, बाळांना उताणं झोपवायला लागले आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या कितीतरी देशांत निम्म्याहून खाली आली. मला हे माझ्या सुनेने सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वाईटच वाटलं. आपलं सगळं चुकलं की काय, असं. तिने माझ्या हातची गादी बाजूला टाकली नाही. ती म्हणाली, "आई, ही दुपारच्या खेळाची गादी." बाळ जागं असताना, आपण शेजारी असताना, तिच्यावर पालथं घालायचं. त्याने मान आणि खांदे बळकट होतात. ते काम तिने माझ्याकडे सोपवलं. मी रोज शेजारी आडवी व्हायचे, माझं तोंड त्याच्या तोंडासमोर. एवढ्याशा बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, तेव्हा चेहऱ्यासारखं दुसरं खेळणं नाही.
छोटी उशी तू पाजताना कोपराखाली घे. फार उपयोगी पडेल आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. पण सांगायचं ते बाळ यायच्या आधी, आणि नवऱ्याने सांगायचं. तू नाही.

टिपकागद:
जुनीजाणती ताई, शंभरदा अनुमोदन. वाचनखूण साठवली.
अवांतर: चाकांचा वॉकर कोणी भेट द्यायला निघालं तर आत्ताच थांबवा. त्यात बसून बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यापर्यंत आणि गरम भांड्यांपर्यंत पटकन पोचतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. उभं राहून ढकलायचा पांगुळगाडा वेगळा, त्याला अजून वर्ष आहे.

कुंदकळी:
धागा वर काढतेय. मुलगी झाली! आज पाच आठवड्यांची आहे. उशिरा लिहितेय, पण तुम्हाला कळवायचंच होतं.
६४ पैकी आम्ही १९ वस्तू आणल्या. कार सीट नवी घेतली. मलमलचे बारा तुकडे कमी पडले, आणखी सहा मागवले. डायपरचं लहान पाकीट संपायच्या आतच कंबरेला घट्ट व्हायला लागलं. यादीत कुठेच नव्हता असा एक दिवा मात्र घ्यावा लागला, जमिनीलगत लावायचा, अगदी मंद. रात्री खोलीतला मोठा दिवा लावला की ती टक्क जागी व्हायची. आता नुसती लंगोटाची गाठ दिसेल एवढाच उजेड असतो.
सासूबाईंशी नवरा बोलला. त्या एक दिवस गप्प होत्या. आता रोज चार वाजता त्या स्वतः गादी पसरतात, मुलीला पालथं घालतात आणि समोर आडव्या होतात. काल तिने मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, पण मी पोचेपर्यंत मान खाली गेली होती. आज मी पावणेचारलाच जाऊन बसणार आहे.

जुनीजाणती:
बस गं. आणि कॉटमध्ये ठेवताना पायांची दहा बोटं बघत जा.