अकरावीतला मुलगा अगदी गप्प झालाय. वाट बघू की डॉक्टरांकडे नेऊ?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ८.५०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. कॉलेज आणि क्लास दोन्ही कराडात, सकाळी सहाच्या एसटीने जातो. दहावीला ९१ टक्के होते. मुळात बडबड्या. घरात शिरायच्या आधी अंगणातूनच दिवसभराचं सांगत यायचा.

गणपतीच्या आसपास बिनसलं. दरवर्षी झांजपथकात पुढे असतो, यंदा गेलाच नाही. पोरं दोनदा बोलवायला आली, तर 'झोपलाय म्हणून सांग' म्हणाला. रात्री दोन-अडीचपर्यंत जागा असतो. मोबाईल बघत असता तर मी समजले असते, पण मोबाईल टेबलावर आणि हा अंधारात छताकडे बघत पडलेला. सकाळी हाक मारली की अंगावर येतो. परवा दप्तर धुवायला काढलं तर तळाशी कागदात गुंडाळलेल्या चपात्या निघाल्या, पाच-सहा दिवसांच्या, बुरशी आलेल्या. डबा रिकामा येत होता म्हणून मी निश्चिंत होते. चाचणीत फिजिक्सला ४० पैकी ६.

मिस्टर म्हणतात या वयात सगळी पोरं अशीच असतात. सासूबाई दृष्ट काढतात. एकच गोष्ट बरी वाटली. काल त्याने त्याची आवडती बॅट धाकट्या चुलतभावाला देऊन टाकली, नवी ग्रीपसुद्धा घालून दिली. म्हटलं, अभ्यासासाठी मन आवरतोय.

वय कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, हे आईबापांनी ओळखायचं कसं? आणि जायचं तर कुणाकडे?

शिवारवाट (रात्री ९.०५)

ताई, एवढं मनावर घेऊ नका. अकरावीचा अभ्यास एकदम अंगावर येतो, आमच्या पुतण्याचंही असंच झालं होतं. पहाटे उठवून सूर्यनमस्कार घालायला लावा, मोबाईल काढून घ्या. महिनाभरात गाडी रुळावर येईल.

अबोली (रात्री ९.२०)

शिवारवाट, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे मला पटत नाही. मी १९ वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवतेय.

ताई, शेजारच्या पोराशी तुलना करू नका, त्याची तुलना त्याच्याशीच करा. जूनमधला तुमचा मुलगा आणि आजचा, एवढंच समोर ठेवा. वयात आलेलं पोर घरच्यांशी भांडतं, दार लावून घेतं, पण मित्राचा फोन आला की खिदळतं आणि आवडीची भाजी असली की दोन चपात्या जास्त खातं. तुमच्याकडे झोप, जेवण, मित्र, अभ्यास आणि त्याची झांज, हे सगळं एकाच वेळी सुटलंय. डॉक्टर साधारण दोन आठवडे धरतात. बहुतेक दिवस, दिवसभर असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर दाखवायचं. तुम्ही गणपतीपासून म्हणताय.

चिडण्याचंही सांगते. मोठी माणसं उदास झाली की रडवेली दिसतात. पोरांमध्ये नैराश्य कित्येकदा चिडचिडीच्या रूपानेच दिसतं, म्हणून आपण त्यांना उद्धट म्हणून मोकळे होतो. माझ्या वर्गातली एक मुलगी दर सोमवारी पोट दुखतंय म्हणून घरी जायची. सोनोग्राफीपर्यंत सगळं झालं, पोटात काहीच नव्हतं. दुसरी एक एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायची. बाह्यांखाली काय आहे ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

निशिगंध (रात्री ९.४०)

ताई, मी बॅटपाशी थांबले. बाकीचं नंतर वाचा, आधी हे वाचा.

मी १७ वर्षांची असताना माझी पोस्टाच्या तिकिटांची वही मामेबहिणीला देऊन टाकली होती. सात वर्षं जमवलेली. घरात सगळे म्हणाले, किती समजूतदार झाली पोर. मी तेव्हा आवराआवर करत होते. सुदैवाने आत्याच्या लक्षात आलं आणि तिने सरळ विचारलं, म्हणून आज लिहितेय.

तुमच्या मुलाचं तसंच असेल असं नाही. पण जीव लावलेली वस्तू अशी देऊन टाकणं, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास', 'आता कशाला काय करायचं' असलं बोलणं, किंवा फार दिवस उदास असलेलं पोर अचानक एकदम शांत होणं, यातलं काही दिसलं की पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. आज रात्रीच विचारा. आडवळणाने नको. शेजारी बसा आणि म्हणा, "बाळा, तुला जगूच नये असं वाटतं का? मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असतील तर ते आधीच तिथे असतात, आणि कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मी टाकला होता. 'हो' म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. ऐका.

आज त्याला एकट्याला झोपवू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याकडे हलवा. काही ठरवलंय असं त्याच्या बोलण्यात आलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या.

१४४१६ फिरवा. सरकारची टेलि मानस ही सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात. आईबापांनीही फोन केला तरी चालतो.

साधा_डॉक्टर (रात्री १०.१५)

मी फॅमिली डॉक्टर आहे. निशिगंध यांनी सांगितलंय ते आधी करा.

कुणाकडे, ते सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि गोळ्या त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, चाचण्या आणि बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, ती बेधडक विचारा. समुपदेशक अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतं, शिक्षण विचारल्याशिवाय जाऊ नका. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जा म्हणेन. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते, खर्चाची काळजी असेल तर तिथे जा.

डॉक्टर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघायला सांगतील. शरीरातल्या कमतरतेनेही माणूस असा मलूल होतो. गोळ्या दिल्याच तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत या वयाच्या मुलांवर जास्त लक्ष ठेवायचं, बेचैनी वाढली तर लगेच कळवायचं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. कॉलेजात कळेल ही भीती काढून टाका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

पांथस्थ (रात्री १०.३०)

एका बापाचा अनुभव. मुलीला 'चप्पल घ्यायला चल' म्हणून नेलं आणि दवाखान्यासमोर गाडी उभी केली. पुढचे चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. खोटं सांगून नेऊ नका. 'तुला झोप लागत नाही, त्याने मला काळजी वाटतेय, आपण दोघं जाऊ' एवढं पुरे. आणि डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बसा म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

कृष्णाकाठ (शुक्रवार, दुपारी ३.१०)

सगळ्यांना सांगायचं होतं, पण हात चालत नव्हता.

त्या रात्री विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून होता. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "येतात. पण रोज नाही." मी काही बोलले नाही, पाठीवर हात ठेवून बसले. मिस्टर दारातच उभे होते. ते तसेच गोठ्यात गेले आणि तणनाशकाचे डबे गाडीवर घालून दिरांकडे ठेवून आले. अकराच्या सुमाराला १४४१६ ला फोन लावला. बाई मराठीत बोलल्या, आधी माझ्याशी, मग दहा मिनिटं त्याच्याशी.

काल साताऱ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. जाताना "तू आत येशील ना?" म्हणाला, पण डॉक्टरांनी त्याला विचारून मला बाहेर बसवलं. पाऊण तास. नैराश्य आहे म्हणाले. गोळी सुरू केलीय, रक्त तपासायला दिलंय, पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. येताना एसटीत खांद्यावर डोकं ठेवून झोपला, कराड आलं तरी उठवलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरलो.

आता एक विचारायचंय. गोळी रोज रात्री सासूबाईंसमोरच घ्यावी लागते. त्या सारखं विचारतात कसली म्हणून. काय सांगू?

शिवारवाट (दुपारी ३.४०)

ताई, सोमवारी मी चुकीचं लिहिलं. पुतण्याला आज फोन केला, नीट विचारलं.

अबोली (दुपारी ४.००)

आधी मुलाला विचारा, आजीला किती सांगायचं. तो हो म्हणाला तर खरंच सांगा. त्यांची बीपीची गोळी असेलच ना? तशीच ही, मनाच्या दुखण्याची. दृष्ट काढतात तर काढू दे, जवळ बसतात ना त्याच्या.