मदत हवी आहे: विली नेल्सनच्या 'प्रिटी पेपर' एलपीवरचा (गाण्यांच्या तबकडीवरचा) चिकट डाग

नमस्कार मंडळी. मी डॅलसला राहते. शेजारच्या आजोबांना नाताळची भेट म्हणून अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा पहिला ख्रिसमस अल्बम, 'प्रिटी पेपर' (१९७९), जुन्या बाजारातून घेतला. कव्हर झकास, पण तबकडीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी किमतीचं स्टिकर चिकटवलं होतं! कागद निघाला, डिंकाचा अंगठ्याएवढा पट्टा राहिला. सुई तिथे आली की टचकन उडी मारते आणि मागचीच ओळ पुन्हा सुरू.

कोमट पाणी आणि मऊ कापडाने पुसून झालं, फरक शून्य. आयसोप्रोपिल अल्कोहोल पातळ करून लावलं तर चालेल का? की खाचा खराब होतील? व्हिनाइल (प्लास्टिकची) आहे, लाखेची जुनी तबकडी नाही. आणि मधल्या कागदी लेबलला पाणी लागू नये म्हणून तुम्ही काय करता?

डिजिटल ऐका म्हणू नका, प्लीज. आजोबा फोर्ट वर्थचे. तिथल्या लेनर्ड्स दुकानाबाहेर कागद-पेन्सिली विकणाऱ्या अपंग माणसाला पाहूनच हे शीर्षकगीत विलीला सुचलं. १९६३ मध्ये ते आधी गायक रॉय ऑर्बिसनने गायलं आणि गाजवलं. मला मात्र विलीचंच आवडतं, संथ तीन मात्रांच्या चालीत, अजिबात रडारड न करता. निर्माता बुकर टी. जोन्स, म्हणजे विलीच्या आधीच्या 'स्टारडस्ट' अल्बमवालाच.

नाताळ पंधरा दिवसांवर आलाय. कुणी असा डिंक स्वतः काढला असेल तर नक्की काय वापरलं ते सांगा.