मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हाळ्यात घरी वाईन कशी निवडावी, कशी ठेवावी?

मालदांडी

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, नवरा बँकेत आहे. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून शनिवारी रात्री आम्ही दोघं एकेक ग्लास वाईन घेतो. गॅलरीत बसायचं, आठवडाभराचं बोलायचं. मला ते फार आवडतं आणि ते नीट जमावं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या लग्नाला २० वर्षं होतात. हॉटेलात जायचं नाही, घरीच जेवण, दीर आणि जाऊबाई येणार. दोन किंवा तीन बाटल्या आणायच्या आहेत, सगळ्या मिळून तीन हजारांच्या आत.

अडचण अशी की गेल्या मे महिन्यात माझी एक बाटली वाया गेली. चांगली नऊशे रुपयांची रेड. इथल्या एका दुकानातून आणली होती, काचेच्या कपाटात वरच्या फळीवर उभी होती आणि त्या कपाटावर दुपारचं ऊन येत होतं. घरी आणून मी ती माळ्यावर ठेवली, कारण 'रेड फ्रीजमध्ये ठेवत नाहीत' असं ऐकलं होतं. तीन आठवड्यांनी काढली तर बुच वरच्या कागदाला ढकलून थोडं बाहेर आलेलं, आणि चव उकळलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी. नवरा म्हणाला, वाईन अशीच असते, आपल्याला कळत नाही. मला ते पटलं नाही. हिवाळ्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तीच वाईन त्याच दुकानातून आणली होती आणि ती सुरेख लागली होती.

इथल्या दुकानांवर पाटी 'वाईन शॉप' अशी असते, पण वाईन एका फळीपुरतीच. विचारलं तर 'कुठलीही घ्या मॅडम, सगळ्या चालतात' असं उत्तर मिळतं. मागे रांग असते, बाईमाणसाला तिथे उभं राहून लेबलं वाचणं अवघड जातं. म्हणून काय बघायचं ते घरूनच ठरवून जायचं आहे. बाटली बिघडली ती दुकानात की माझ्याकडे? ४२ अंशांत ती ठेवायची कुठे? आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर काय जातं?

निफाडकर

ताई, तुमची जीभ बरोबर आहे. ती बाटली उन्हाने 'शिजली' होती. नाशिककडे एका वायनरीच्या तळघरात मी नऊ वर्षं काम केलंय, अशा परत आलेल्या बाटल्या पुष्कळ पाहिल्या. उष्णतेने आतला द्रव फुगतो आणि बुचाला वर ढकलतो. थंड झाल्यावर तो आकसतो, तेव्हा बाजूने हवा आत शिरते. ताज्या फळाचा वास जातो, मनुका-जॅमचा येतो. दुकान आणि माळा, दोघांचाही त्यात वाटा असणार. पत्र्याखालचा किंवा गच्चीखालचा माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा.

वाईनला १२ ते १५ अंश मानवतात. तेवढं सोलापुरात उन्हाळ्यात फ्रीजशिवाय कुठेच मिळणार नाही, म्हणून साठा करू नका. ज्या आठवड्यात प्यायची त्याच आठवड्यात आणा आणि थेट फ्रीजमध्ये टाका, रेडसुद्धा. फ्रीजमध्ये काही आठवडे राहिल्याने वाईनचं काही बिघडत नाही. माळ्यावर मात्र मे महिन्यातले चार दिवसही पुरतात.

'रेड खोलीच्या तापमानाला प्यावी' हे ज्या देशांत ठरलं तिथली खोली १८ अंशांची होती. तुमची मे महिन्यातली खोली ३५ ची. रेड फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, १६-१८ च्या आसपास येईल. व्हाइट काढल्यावर दहा मिनिटांत ओतली तरी चालेल. गरम रेडमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात जातं आणि लोकांना वाटतं की वाईनच कडक आहे.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. बाटली उन्हात किंवा ट्यूबलाइटला चिकटून असेल तर ती नको, आतल्या खोक्यातली मागा. बुचावरच्या वेष्टनावर अंगठा फिरवा, फुगवटा किंवा चिकटपणा जाणवला तर परत ठेवा. बाटली उभी धरा. द्रव मानेच्या बराच खाली उतरलेला असेल तर गळती झाली आहे. फिरकीचं झाकण असलं तर उलट बरं. ते स्वस्तपणाचं लक्षण नाही, तसली बाटली उभी ठेवली तरी चालते आणि ओपनर लागत नाही.

आणि वर्ष बघा. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे लेबलवर जे वर्ष, त्याच्या सुरुवातीलाच द्राक्षं तोडलेली. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, म्हणून त्याच वर्षाच्या तिकडच्या बाटलीपेक्षा आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी. हजाराच्या आतली व्हाइट दीड-दोन वर्षांत प्यावी, रेड तीन वर्षांत. ती मुरवायला केलेली नसते. जुनी म्हणजे भारी, हे या किमतीला लागू नाही. वर्ष छापलेलं नसेल तर मागच्या लेबलवर बाटली भरल्याचा महिना शोधा.

काळीमाती

मी कासेगावचा, पंढरपूर तालुका. आमची बाग खायच्या द्राक्षाची. ताईंच्या दिरांनी जेवताना हमखास विचारायचं ते आधीच सांगून ठेवतो, कारण मला प्रत्येक लग्नात विचारतात: आपली सोनाका एवढी गोड, मग तिची वाईन का नाही करत?

नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणं दिली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ती खायची द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. रेडचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, गर जवळपास बिनरंगीच असतो. शिवाय गोडीबरोबर आंबटपणाही टिकावा लागतो, नाहीतर वाईन सपक होते. आमच्या द्राक्षाचं सोनं बेदाण्यात होतं.

वाईनसाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीची वायनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे दोन भाऊ, दिल्लीचे दोन आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू असा तो मेळ. वाईन करायला इटलीहून पिएरो मासी आले. त्यांनी तिकडच्या टस्कनीतलं सांजोव्हेसे हे द्राक्ष आपल्या मातीत लावलं. आपल्या जिल्ह्याची वाईन आपल्याच सणाला ताटाशेजारी असावी, असं मला शेतकरी म्हणून वाटतं.

मालदांडी

निफाडकर दादा, काळीमाती भाऊ, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, फार बरं वाटलं. नवऱ्याला वाचून दाखवलं.

बेत असा आहे: ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, काळ्या मसाल्यातलं मटण, जाऊबाई मटण खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी पिठलं आणि भरलं वांगं, आणि शेवटी शेंगापोळी. यात काय बसेल? दिरांची गोळी चालू आहे रक्तदाबाची, तेही विचारून ठेवते. आणि हजार-बाराशेला परदेशी बाटली दिसते, ती घ्यावी का?

गोळीऔषध

माझं औषधांचं दुकान आहे. दिरांनी त्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारावं, अंदाजाने घेऊ नये. काही गोळ्यांबरोबर अल्कोहोलने दाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. 'रेड हृदयाला चांगली' हे मनात धरून तर मुळीच पिऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. चवीसाठी, थोडी, जेवणाबरोबर, एवढंच. आणि परत जाताना गाडी जाऊबाईंनी चालवावी, किंवा रिक्षा करावी.

निफाडकर

परदेशीबद्दल. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क राहिलंय. त्यावर बोटीचं भाडं, आयातदाराचा आणि दुकानाचा वाटा, राज्याचा कर. हजार रुपयांतून हे सगळं वजा केलं तर बाटलीतल्या द्रवासाठी फार थोडं उरतं. शिवाय ती बाटली बंदर, गोदाम, ट्रक असा प्रवास करून येते आणि त्यातलं ऊन तुम्हाला दिसत नाही. या किमतीत आपलीच घ्या.

चिंचगूळ

ताई, मी लातूरची, सासर सोलापूर. आपल्या तिखटावर मी गेली काही वर्षं प्रयोग करतेय, म्हणून हक्काने सांगते.

शेंगा चटणी सगळ्यात अवघड आहे. लसूण, लाल तिखट, शेंगदाण्याचं तेल. तिच्यावर तुरट, कडक रेड घेतली तर तोंडाची आग होते, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखट वाढवतात. तिथे किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ ही व्हाइट घ्या. नाशिकच्या सुला वायनरीची शेनिन ब्लाँ तशी आहे आणि बहुतेक दुकानांत मिळते. चटणीला त्या गोडीने असा उतार पडतो की मी पहिल्यांदा घेतली तेव्हा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पिठल्यालाही हीच चालते, जाऊबाईंचं जेवण त्यात होऊन जाईल. पिठल्यावर कच्चा कांदा आणि कोथिंबीर भरपूर असेल तर सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही दुसरी व्हाइट जास्त छान. तिचा हिरवा, पेरूसारखा वास कोथिंबिरीशी जुळतो.

मटणाला रेड, शिराज किंवा काळीमाती भाऊंनी सांगितलेली सांजोव्हेसे. शिराजमध्ये मिऱ्यासारखी छटा असते, ती काळ्या मसाल्यातल्या दगडफूल-लवंगेला धरून राहते. सांजोव्हेसे जरा आंबट अंगाची, तेलाचा तवंग कापते. मी असते तर सांजोव्हेसे घेतली असती. एकच करा, मटणात तिखट नेहमीपेक्षा थोडं कमी आणि सुकं खोबरं भरपूर भाजून घाला. तुरट वाईनला चरबी आणि खोबरं लागतं. भरल्या वांग्यात चिंच-गूळ घालत असाल तर चिंच बेताची, नाहीतर वाईन पाणचट लागते.

शेंगापोळीच्या आधी मात्र ग्लास संपवा. गुळाच्या गोडावर कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाईन कडू आणि आंबट लागते. पोळीबरोबर तूप आणि दूध, तिथे वाईनचं काम नाही.

म्हणजे दोनच बाटल्या, एक शेनिन आणि एक सांजोव्हेसे किंवा शिराज. ७५० मिलीच्या बाटलीतून दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. चौघांना दोन बाटल्या पुरून उरतील. वाचलेल्या पैशांत पातळ काठाचे साधे ग्लास घ्या, वर निमुळते होणारे. स्टीलच्या पेल्यात वास कोंडत नाही. एक तृतीयांशच भरा आणि ग्लासला भांड्याच्या साबणाचा वास राहिलेला नाही ना, ते बघा.

जुनीमिल

टेबलावर बाटली गार कशी ठेवायची ते कुणी सांगितलं नाही. सोलापूरचा टॉवेल ओला करून पिळून बाटलीभोवती गुंडाळा आणि पंख्याखाली ठेवा. आपली हवा कोरडी, टॉवेल वाळताना बाटलीची ऊब ओढून घेतो. आमच्या आजोबांच्या काळी मिलमध्ये पाण्याच्या सुरईला असाच कपडा बांधायचे. दुकानातून स्कूटरवर आणतानाही हेच करा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा ते लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून लागतं.

मालदांडी

सगळ्यांना कळवायला आले आहे. काल झालं जेवण.

बुधवारी सकाळी दहाला गेले, ऊन चढायच्या आत. दुकानदाराला सांगितलं की आतल्या खोक्यातली द्या आणि वर्ष मला वाचू द्या. त्यांनी एक शब्द न बोलता खोकं उघडलं. शेनिन गेल्या वर्षीची मिळाली, सांजोव्हेसे दोन वर्षांपूर्वीची. कारखान्यातला टॉवेल ओला करून पिशवीत नेला होता. घरी येऊन दोन्ही फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या.

चटणीबरोबर शेनिन हे खरंच लागू पडलं. जाऊबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा ग्लास घेतला, पिठल्याबरोबर, आणि पुन्हा थोडीशी मागितली. मटणाबरोबरची रेड नवऱ्याने आधी गार म्हणून बाजूला ठेवली. दहा मिनिटांनी घोट घेतला आणि म्हणाला, मे महिन्यातली ती बाटली खराबच होती. वर्षभराने मान्य केलं, मला फार आनंद झाला. दिरांच्या डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, त्यांच्यासाठी कोकम सरबत केलं. सोनाकाचा प्रश्न त्यांनी विचारलाच, आणि सालीचं उत्तर मी दिलं.

रेड अर्धी उरली आहे. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवली, म्हणजे आत हवा राहायला नको. शनिवारपर्यंत टिकेल ना?

निफाडकर

काठोकाठ भरलीय तर तीन-चार दिवस नक्की. शनिवारी काढल्यावर आधी वास घ्या. सफरचंद कापून ठेवल्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा आला तर प्यायची नाही, मटणाच्या रश्श्यात टाका.