वक्तृत्व क्लबात पाहुणे एकदा येतात, परत येत नाहीत. आमचं काय चुकतंय?

शनिवारची_संध्याकाळ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, कारण दोन आठवडे झाले तरी ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

चिंचवडला आमचा एक छोटा वक्तृत्व क्लब आहे. दर शनिवारी साडेसहा ते आठ, एका शाळेच्या वर्गात भरतो. क्लब आमचा आम्हीच चालवतो, पण सभेचा साचा टोस्टमास्टर्स या वक्तृत्व क्लबांच्या जागतिक संस्थेचा घेतलाय. आधी तयारी करून आणलेली भाषणं, मग आयत्या वेळी विषय देऊन दोन-दोन मिनिटं बोलणं आणि शेवटी प्रत्येक भाषणावर अभिप्राय. वेळ दाखवायला हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं. एक जण 'अं', 'म्हणजे', 'बरं का' मोजतो, एक जण भाषेकडे लक्ष ठेवतो. वहीत नावं २२, येतात ११-१२. नवीन लोकांना जोडायचं काम यंदा माझ्याकडे आहे. जानेवारीपासून ९ पाहुणे आले, त्यातला एकच टिकला.

दोन शनिवारांपूर्वी एक मुलगी आली. बार्शीकडची, इथे एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मैत्रिणीने पाठवलं म्हणाली. मागच्या बाकावर बसली होती. आयत्या वेळच्या विषयात सूत्रसंचालकाने थेट तिचं नाव पुकारलं. विषय होता, 'तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू'.

ती उठली, समोर आली आणि आजीच्या कणगीबद्दल बोलायला लागली. ज्वारी ठेवायची ती विणलेली, शेणानं लिंपलेली कणगी. खाली एक भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की धान्य आपसूक खाली यायचं. ही लहानपणी तिथे ओंजळ धरून बसायची आणि आजी म्हणायची, 'पुरे गं, उंदरानं पण एवढं नेलं नसतं'. हे सांगताना तिने खरंच ओंजळ पुढे धरली होती. मला त्या ओंजळीत ज्वारी दिसली, शप्पथ. जेमतेम पन्नास सेकंद बोलली, मग थांबली आणि 'एवढंच' म्हणून जाऊन बसली.

सभा संपताना मोजणी करणाऱ्याने वाचून दाखवलं, 'पाहुण्या ताई, अकरा वेळा म्हणजे'. मग भाषा बघणारे आमचे काका उठले. निवृत्त शिक्षक आहेत, माणूस मनाने फार चांगला. म्हणाले, 'कनगी नव्हे, कणगी. पानी नव्हे, पाणी. ण हा मूर्धन्य आहे.' दोन-तीन जण हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मीही त्यांच्याकडे बघून कसनुसं हसले आणि तेच मला आता सलतंय.

चहाच्या वेळी मी तिला शोधलं तर बाकावर अर्धा कप चहा तसाच होता आणि ती गेलेली. फोन केला तेव्हा म्हणाली, 'बघते ना ताई, पुढच्या शनिवारी.' आली नाही.

तिला परत बोलवायचंच आहे. पण त्याआधी आमची सभा तिला परत यावंसं वाटेल अशी करायला हवी. ज्यांनी क्लब चालवलेत त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही नेमकं काय करता?

---

कोपऱ्यातली_खुर्ची

ताई, सगळ्यात आधी एवढं करा. पाहुण्याची मोजणी बंद. अडखळण्याची नाही, चुकांची नाही, कसलीच नाही. मोजणी ही सदस्याने स्वतः मागून घेतलेली मदत असते. जो आज पहिल्यांदा दारातून आत आला त्याने ती मागितलेलीच नाही.

आणि नाव पुकारायच्या आधी दारातच विचारा, 'आज बोलायला आवडेल की नुसतं ऐकायचंय?' ऐकायचंय म्हणाला तर सूत्रसंचालकाच्या कागदावर त्याच्या नावापुढे फुली मारून टाका, म्हणजे कुणी विसरणार नाही.

---

गोदाकाठचा

ताई, तुमचं लिहिणं वाचून त्या मुलीची ओंजळ मलाही दिसली. म्हणजे ती पन्नास सेकंदांत उत्तम बोलली होती. अनोळखी माणसांसमोर, तयारी नसताना, ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर वस्तू उभी करणं आमच्या क्लबात पाच-पाच वर्षं आलेल्यांनाही जमत नाही. आणि तिला घरी जाताना काय कळलं? की आपल्याला 'ण' येत नाही. तिने काय कमावलं हे सभेतल्या एकानेही तिला सांगितलं नाही, मला वाटतं दुखणं तिथे आहे.

मी नाशिकच्या एका टोस्टमास्टर्स क्लबात १२ वर्षं आहे, दोनदा अध्यक्ष होतो. आम्हीही हे सगळं करून बसलोय, म्हणून हक्काने लिहितो.

या प्रकाराची सुरुवात कशी झाली ते बघा. २२ ऑक्टोबर १९२४ ला राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी, वायएमसीएच्या इमारतीत पहिली सभा भरवली. टोस्टमास्टर म्हणजे मेजवानीत पाहुण्यांची ओळख करून देणारा, शुभेच्छांसाठी लोकांना बोलतं करणारा माणूस. म्हणजे मुळात ही पंगत आहे. आपल्याकडे पंगतीत कुणी नवखा बसला तर यजमान त्याच्या पानाकडे लक्ष ठेवतो, काय हवं-नको बघतो. तो घास कसा घेतो हे चारचौघांत सांगत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर पुण्याची वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. त्यातला 'उत्तेजक' हा शब्द मी आमच्या नवीन कार्यकारिणीला दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. जुन्या मराठीत उत्तेजन म्हणजे प्रोत्साहन, पाठीवर हात. वक्तृत्वपरीक्षक सभा असं नाव त्यांनी ठेवलं नाही.

आता कामाचं. भाषा बघणाऱ्याचं काम आम्ही बदललं. तो आता चुका टिपत नाही. सभेत ऐकलेले तीन चांगले शब्द किंवा वाक्यं टिपतो आणि शेवटी वाचतो, कुणी वापरले त्याच्या नावासकट. एकदा चांदवडकडचा एक मुलगा 'झुंजुमुंजू' म्हणाला होता. शेवटी तो शब्द वाचला गेला तेव्हा तो पोरगा असा फुलला की सांगता सोय नाही. बोलीचे उच्चार ही चूक धरायचीच नाही, असं आम्ही लेखी ठरवून टाकलंय. बातम्या वाचायच्यात, नाटकात काम करायचंय, म्हणून कुणाला प्रमाण उच्चार शिकायचे असतील तर तो सांगतो आणि आम्ही सभेनंतर बसवून शिकवतो. खानदेश, बार्शी, बीड, कोकण इथली माणसं आपल्या घरची भाषा दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आत यायला लागली, तर ती बोलणार तरी कशात?

अभिप्रायाचंही तसंच. आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक हा साचा आता सगळ्यांना पाठ झालाय. बोलणारा बिचारा 'पण' कधी येतोय याचीच वाट बघत बसतो, पहिलं कौतुक त्याच्या कानात शिरतच नाही. त्याऐवजी ऐकताना स्वतःला काय झालं ते सांगायचं. 'तुम्ही विहिरीचं सांगत होता तेव्हा मला रहाटाचा आवाज आला. पुढे मुंबईला कधी पोचलात ते मला कळलं नाही, मी मागेच राहिलो.' यात सुधारणेची जागा दाखवून झाली आणि माणूस दुखावलाही नाही.

बाकी बारीकसारीक. बाकं रांगेत असतात ती वळवून अर्धगोल करा. पाहुण्याला मागे एकटं बसू देऊ नका, शेजारी एक सदस्य हवा, आणि त्याने कार्डं कशासाठी, टाळ्या कधी, हे हळू आवाजात सांगत राहावं. बोलून परत येणाऱ्याशी पहिलं वाक्य त्या शेजाऱ्याचं असतं. ते वाक्य फार मोलाचं असतं, ताई.

---

स्पष्ट_बोलते

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नये.

मी ज्या क्लबात होते तिथे सगळे सगळ्यांना 'खूप छान' म्हणायचे. प्रत्येक भाषणाला टाळ्या, प्रत्येकाला 'मस्तच'. आठ महिने मी खूष होते. मग ऑफिसात ग्राहकांसमोर सादरीकरण केलं आणि साहेब नंतर म्हणाले, 'तुम्ही पूर्ण वेळ पडद्याकडे बघून बोललात, समोर माणसं बसली होती.' आठ महिन्यांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं! मी घरी येऊन रडले. साहेबांचा राग आला नाही, क्लबचा आला. माझे शनिवार गेले ना.

तेव्हा प्रेमाने वागा, जरूर वागा, पण चूक दाखवायची सोडू नका. ती दाखवणं हीसुद्धा काळजीच आहे.

---

गोदाकाठचा

तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि तुमच्यावर अन्यायच झाला. आमच्याकडे अभिप्राय देणारा भाषणाच्या आधी वक्त्याला विचारतो, 'आज मी नेमकं काय बघू?' वक्ता म्हणतो, 'माझे हात बघा' किंवा 'शेवट जमतोय का बघा'. मग तेवढंच बघायचं, पण डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि स्पष्ट सांगायचं. तुम्हाला कुणी असं विचारलं असतं तर पडद्याचं पहिल्याच महिन्यात कळलं असतं. मागितलेली चूक टोचत नाही. पाहुण्याने अजून काही मागितलेलंच नसतं, एवढाच फरक.

---

थांबून_थांबून

मी या धाग्यावर लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो.

मी तोतरा बोलतो. लहानपणापासून. 'क' आणि 'प' वर अडकतो, आणि माझं स्वतःचं नावच 'प' वरून आहे. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता यायचं, नाव सांगता यायचं नाही. ३४ व्या वर्षी संभाजीनगरातल्या एका क्लबात गेलो. तिथे अडखळलं की टेबलावरची घंटी वाजवायचे. माझ्या दीड मिनिटात ती किती वाजली ते मी मोजलं नाही. जिन्यावरून उतरताना ठरवलं की हे आपल्यासाठी नाही.

दुसऱ्या एका क्लबात बायकोने जवळजवळ ओढत नेलं. तिथे मी नाव सांगताना अडकलो. दहा सेकंद तरी गेली असतील, मला ती अर्ध्या तासासारखी वाटली. पहिल्या रांगेत साठीच्या एक काकू होत्या. त्यांनी माझ्यावरून नजर काढली नाही, माझ्या वतीने नाव पूर्ण केलं नाही, मान डोलावून 'होईल होईल' असंही केलं नाही. त्या फक्त वाट बघत होत्या, जसं आपण घरातलं कुणी दुसऱ्या खोलीतून यायची वाट बघतो तसं, अगदी सहज. नाव बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, 'बोला, ऐकतोय.' मी तिथे आता चार वर्षं आहे.

मला एकच मागायचंय. अडकलेल्या माणसाचा शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका. वाक्य पूर्ण करून देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे, पण तो शब्द माझा असतो आणि तो मलाच म्हणायचा असतो. आणि तोतरेपण 'अं' मध्ये मोजू नका. 'अं' ही सवय आहे, तोतरेपण सवय नाही.

त्या बार्शीच्या ताईंना माझ्याकडून सांगा, कणगीचं मी चार वेळा वाचलं.

---

शनिवारची_संध्याकाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. थांबून_थांबून, तुमचा प्रतिसाद मी आमच्या कार्यकारिणीत मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आमचीही एक घंटी होती, ती त्याच दिवशी कपाटात गेली.

पुढे काय झालं ते सांगते. काकांशी कसं बोलू, ते दुखावतील का, अशी मला धाकधूक होती. पण सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, 'तिचा नंबर दे, मीच बोलतो.' फोन माझ्यासमोरच केला. माफी मागितली. मग म्हणाले, 'बाई, कणगी कशाची विणतात गं? मी शहरातला, मी कधी पाहिली नाही.' पलीकडून ती बोलायला लागली. निरगुडीच्या फोकांची विणतात, कुठे तुरीच्या काड्यांची, आतून-बाहेरून शेणमातीने कसं लिंपतात, पावसाळ्याआधी तोंड कसं बंद करतात. काका हातातल्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होते. दहा-बारा मिनिटं तरी हे चाललं असेल. ती एकदाही अडखळली नाही, किंवा अडखळली असेल तर आमच्या लक्षात आलं नाही.

काल शनिवार होता. बाकं अर्धगोल केली. काकांनी फळ्यावर 'आजचा शब्द' लिहिला, कणगी, आणि त्याखाली जरा लहान अक्षरात 'बार्शीकडे: कनगी'. सात वाजत आले तरी ती आली नव्हती, मी दारातच उभी होते. सात-पाचला जिन्यात चपला वाजल्या.

दारातच म्हणाली, 'ताई, आज बोलणार नाही हं, नुसती बसणार.' मी तिच्यासमोरच कागदावर फुली मारली. काकांच्या शेजारी बसली. फळा वाचून खाली बघून हसली. चहा पूर्ण प्याली, बिस्किट पण घेतलं. पाच जणांनी आपापल्या बोलण्यात 'आजचा शब्द' वापरला, एकाने 'कनगी' असा, आणि काकांनी शेवटी पाचही वाक्यं वाचून दाखवली.

निघताना तिने विचारलं, 'पहिलं भाषण किती मिनिटांचं असतं?' मी म्हटलं, 'चार ते सहा.'

'चार मिनटं लई होत्यात,' म्हणाली. मग सदस्यत्वाचा अर्ज मागून घेतला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून पळाली.